मार्सलीचं मागलं रान

आमच्या आजोबांचा जीव झाडानं घेतला. स्कॉटलंडच्या पश्चिमेला ज्या युइस्ट बेटावर ते जन्मले, तिथं माणसाच्या कमरेएवढंही झाड नव्हतं. वारा उगवूच द्यायचा नाही. तिथल्या माणसाला होडी ठाऊक, किनाऱ्याला लागलेलं शेवाळ ठाऊक, खडकाच्या कुशीत पिकलेला मूठभर ओट ठाऊक. मेंढ्यांना कुरणं हवीत म्हणून मालकानं गाव उठवलं, माणसं गलबतात घातली, आणि आजोबांनी, लाखलन मॅककुइशनं, आयुष्यात पहिल्यांदा कुऱ्हाड हातात धरली ती समुद्रापलीकडं कॅनडातल्या केप ब्रेटनला उतरल्यावर. तिसऱ्या हिवाळ्यात, मार्चच्या बर्फात, तोडलेला एक बर्च शेजारच्या झाडाला अडकून राहिला. जाणता लाकूडतोड्या त्याच्या खाली गेला नसता. लाखलन गेला.

हे व्हिक्टोरिया राणी गादीवर यायच्या आधीचं. माझी आई पेगी तेव्हा पाच वर्षांची होती, मोरागमावशी नऊची. मला हे सगळं आजीनं, म्हणजे मार्सलीनं सांगितलं. एका बैठकीत नव्हे. बटाटे काढताना थोडं, लोकर पिंजताना थोडं.

जमीन गोठलेली होती, म्हणून खड्ड्याच्या जागी आधी जाळ करावा लागला. पुरून आल्यावर लाखलनचा थोरला चुलतभाऊ टॉर्किल घरात आला आणि टोपी न काढता ओंडक्यावर बसला. तो आमच्या लोकांच्या चार वर्षं आधी आला होता, म्हणून तळ्याकाठची सपाट जमीन त्याला मिळाली. मागून आलेल्यांच्या वाट्याला डोंगराच्या पाठीकडचं दगडधोंड्यांचं मागलं रान. पाच वर्षं पलटणीत काढल्यामुळं टॉर्किलला इंग्रजी येत होतं. आमच्या खाडीवर ते दुसऱ्या कुणालाच येत नव्हतं, त्यामुळं कुठलाही कागद त्याच्याच तोंडून बोलायचा.

“मार्सली, आवराआवर कर,” तो म्हणाला. “काकी आणि पोरी माझ्याकडं येतील. तूही ये. माझ्या बायकोला हाताखाली कुणीतरी हवंच आहे.”

“आणि रान?”

“रानाचं मी बघतो. पानगळीला मोजणीचा साहेब येणार. शंभरातली पाच एकर मोकळी दिसली नाही तर जमिनीची सरकारी चिठ्ठी रद्द. परक्याच्या घशात जाण्यापेक्षा घरात राहील.”

“तुमच्या नावावर.”

“मग कुणाच्या? तुझ्या?” तो हसला नाही. त्याला खरंच कळेना की आणखी कुणाच्या नावावर होणार.

लाखलननं सव्वातीन एकर साफ केली होती. राहिली पावणेदोन. आजीनं मनात तेवढंच धरलं.

“पानगळीला सहा महिने आहेत, भावजी.”

“बाई, तिकडं तू शेवाळ वाहायचीस. हे झाड आहे. लाखलनला आवरलं नाही.”

चुलीपाशी तिची सासू एफी, म्हणजे टॉर्किलची काकी, बसली होती. मुलगा गेल्यापासून ती सुनेशी थेट बोलत नव्हती. नातीला मध्ये घ्यायची. गलबतात चढायचा हट्ट मार्सलीचा होता. एफीला तिकडंच, नवऱ्याच्या थडग्याजवळ, दुसऱ्याच्या गोठ्यात राहणंही चाललं असतं.

“मोराग,” एफी म्हणाली, “तुझ्या आईला सांग, एकदा तिच्या हट्टापायी समुद्र ओलांडला. आता पुरे म्हणावं.”

मोरागनं आईकडं बघितलं. दोघी चार हातांवर बसलेल्या. “आजी म्हणते...”

“ऐकलं मी. आजीला सांग, मी राहतेय.”

दुसऱ्या दिवशी एफी आपली पेटी टॉर्किलच्या घसरगाडीवर ठेवून त्याच्या घरी गेली. टॉर्किलला तिनंच वाढवलेलं. त्याची आई बाळंतपणात गेली होती. चुलीजवळची जागा तो आनंदानं देत होता. आजी दारात उभी राहिली. म्हातारीनं मागं वळून पाहिलं नाही, पण पेगीच्या डोक्यावरचा रुमाल जाता जाता घट्ट बांधला.

मग कुऱ्हाड.

पहिल्या दिवशी आजीनं मनगटाएवढी तीन झाडं पाडली आणि संध्याकाळी तिला चमचा धरता येईना. मोरागनं तिला भरवलं. आठवडाभरात तळव्यांचे फोड फुटले, त्यावर मेंढीची चरबी लावून चिंध्या बांधल्या. खाली बसायला हवा तो घाव वर जायचा. ढलपी उडून गालाला लागायची. लाखलनच्या कुऱ्हाडीचा दांडा तिच्या हाताला मोठा होता. तिनं तो वीतभर कापला, आणि कापताना रडली. त्या सबंध वर्षात रडले ती तेवढीच, असं ती सांगायची, पण मावशी म्हणायची, खोटं, आम्ही ऐकायचो.

मोठ्या झाडांना तिनं वेगळी युक्ती केली. ज्या बाजूला पडायला हवं त्या बाजूला खोल खाच, मागून थोडे घाव, मग पोरींना हाक मारून दूर खडकावर उभं करायचं. “मोजा गं,” ती म्हणायची. पोरी मोठ्यानं आकडे म्हणायच्या. त्यांचा आवाज खडकावरून आला म्हणजे त्या झाडाखाली नाहीत, एवढं तिला कळायचं. अडकलेल्या झाडाखाली ती कधी गेली नाही. तसं एक झाड तिनं महिनाभर तसंच ठेवलं, वाऱ्यानं पाडेपर्यंत.

मे महिन्यात उन्हाचा एक आठवडा आला आणि खाडीवरच्या सगळ्यांनी आपापले राब भाजून घेतले. तोडलेली झाडं वाळवून जागच्या जागी पेटवायची, राख गरम असतानाच बटाटे लावायचे, हीच तिथली शेती. आजीची तोड उशिराची, लाकूड हिरवं. तिनं पेटवलं, धुमसलं, विझलं. आठवड्यानंतर पाऊस लागला आणि तीन आठवडे उघडला नाही. त्यात काळ्या माश्या. कानामागं, पापण्यांवर, केसांच्या मुळाशी चावून रक्त काढायच्या. पेगीचा एक डोळा सुजून बंद झाला. घरात ओटचं पीठ तळाला गेलं होतं. बटाट्याचा गर उकडून खायचा आणि डोळे असलेली साल लावायला जपून ठेवायची. त्या साली टोपलीत कोंब धरून बसलेल्या आणि त्यांना लावायला राख नव्हती.

ती टॉर्किलकडं बैल मागायला गेली. ओंडके ओढून एकावर एक रचले, तर आतून तरी पेट धरेल असा तिचा विचार.

टॉर्किल अंगणात जू दुरुस्त करत होता. “बैल मोकळे नाहीत.”

“तुमच्यासमोर तर उभे आहेत.”

“मार्सली, मी वाईट माणूस नाही. पण जे पानगळीला माझ्याकडंच येणार, त्याच्यासाठी आत्ता माझ्या बैलांचे पाय चिखलात का मोडू?” मग आवाज खाली आणून म्हणाला, “रविवारी प्रार्थनेला तू आलीस, तेव्हा बायका तुझ्या हातांकडं बघत होत्या. लोक मला बोलतात. मॅककुइशांची सून बैलासारखी राबते म्हणतात. माझ्या तोंडाला काळं फासतेस तू.”

“मग बैल द्या, म्हणजे मी बैलासारखी राबणार नाही.”

टॉर्किलची बायको आतून खुदकन हसली आणि लगेच खोकली. म्हातारी एफी दारातल्या बाकावर बसली होती, मांडीवर हात ठेवून, काही न करता. आजी म्हणायची, तिला असं रिकाम्या हातांनी मी त्याआधी पाहिलंच नव्हतं. त्या घरात तिला खायला होतं, ऊब होती, आणि काही करायला उठली की टॉर्किलची बायको म्हणायची, “बसा हो काकी तुम्ही.” सहा आठवडे ती बसली होती.

त्यानंतर दोन दिवसांनी, रिमझिम पावसात, एफी रानात आली. हातात निखाऱ्यांचं झाकलेलं मडकं, काखेत बर्चच्या सालीचा भारा. आजीनं हातांनीच कसाबसा रचलेल्या ओंडक्यांच्या ढिगाभोवती तिनं एक फेरी मारली. पायानं एक फांदी ढकलली. मोराग जवळच होती, तिच्याकडं तिनं बघितलंही नाही.

“हे असं पेटतं का?” ती थेट सुनेला म्हणाली. “वरून आग लावतेस. वर पाऊस आहे.”

आजी कुऱ्हाड टेकवून उभी राहिली. “मग कसं, आत्याबाई?”

“तीस वर्षं मी किनाऱ्यावर ओलं शेवाळ जाळलं. खाऱ्या पाण्यानं निथळणारं. ते जळतं आणि हे जळत नाही? ओल्याला खालून श्वास द्यायला लागतो. चर खण. वाऱ्याच्या तोंडाला. पोरींनो, दगड आणा, मुठीएवढे, जास्त मोठे नको.”

ढिगाखालून त्यांनी चर खणला, दोन्ही बाजूंनी दगड रचले, आत साल आणि वाळक्या काटक्या कोंबल्या. एफी पोटावर पडून तोंडानं फुंकत होती, साठी उलटलेली बाई, चिखलात. धूर डोळ्यांत गेला की शिव्या द्यायची, त्याही धर्मग्रंथातल्या. वरून तिनं ओली माती नि हिरवळीचे गड्डे लावायला सांगितले, फक्त मधे एक भोक ठेवायचं. “ताप आत राहू दे. ज्वाळा बघायला आपण काय जत्रेला आलोय?” दुपारपर्यंत ढिगाच्या पोटात घरघर सुरू झाली, पावसाच्या सरी वर पडून वाफ होऊन जाऊ लागल्या. दोन दिवसांनी ढीग खचला. खाली हातभर पांढरी राख होती.

असे अकरा ढीग. चिखलात ओंडके त्यांनी पहारीनं उलथवून उलथवून नेले. आजी पहारीवर लोंबायची आणि एफी टेकू सरकवायची. एकदा टेकू निसटला आणि म्हातारीचं बोट चिरडलं. नख काळं पडून गळलं. “नऊ बोटं आहेत अजून,” ती म्हणाली. शेवटच्या साली लावल्या तेव्हा जून संपला होता. बाकीच्यांच्या शेतात पानं गुडघ्याला लागली होती.

त्या उन्हाळ्यात त्यांनी काय खाल्लं, हे आई कधी नीट सांगायची नाही. ओढ्यातले मासे, तळ्यातल्या सापासारख्या ईल, चिखलातले शिंपले, एका गाईचं दूध. एफीची पेटी टॉर्किलच्या घरीच राहिली. तिनं ती मागितली नाही, त्यानं पाठवली नाही.

सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, पहिलं दव गोठलं त्याच सकाळी, मोजणीचा साहेब आला. सडपातळ, सर्दी झालेला इंग्रज. बरोबर साखळी धरणारे दोन गडी, आणि दुभाषा म्हणून टॉर्किल. टॉर्किलनं रविवारचा कोट घातला होता. दिवसभर साखळी बुंध्यांमधून फिरली. आजी मागं मागं चालत होती. साहेबानं वहीत लिहिलं आणि टॉर्किलशी काही बोलला.

“पाच आणि वर थोडी,” टॉर्किल तिला म्हणाला. तोंडावर काही नव्हतं.

 पण साहेब अजून बोलत होता. टॉर्किलनं ऐकून घेतलं आणि सांगितलं, “चिठ्ठी लाखलनच्या नावावर होती. तो गेला, त्याला मुलगा नाही. साहेब विचारतो, त्याच्यामागं ही तोड कुणी केली. ज्यानं केली त्याचा दावा. मी माझा अर्ज दिलेला आहे, हे तुला माहीत आहेच.”

“मी केली. सांगा त्याला.”

“तू स्वतःच्या बाजूनं बोलणारच. तो म्हणतो, मेलेल्याच्या आईला विचारू. आणि तिला एकटीला.”

साहेबानं आजीला आणि पोरींना हातानंच खूण करून घरापाशी पाठवलं. दीडशे पावलांवरून ती बघत राहिली. बटाट्याच्या सरींमध्ये तिघं उभे: वही घेतलेला साहेब, कोटातला टॉर्किल, आणि त्याच्या खांद्यालाही न लागणारी एफी. वारा उलटा होता. एकही शब्द ऐकू येत नव्हता.

एफीला ती पुरी ओळखत नव्हती. चार महिने एका चिखलात लोळल्या तरी लाखलनचं मरण दोघींच्या मधे तसंच होतं. पानगळीनंतर म्हातारी पुन्हा टॉर्किलच्या उबेला जाणार की नाही, हे तिनं विचारलं नव्हतं. आणि समजा एफी तिच्या बाजूनं बोलली, तरी काय? ते शब्द त्याच माणसाच्या तोंडून जायचे होते, ज्याला ही जमीन हवी होती. साहेबाला आमची गेलिक भाषा येत नव्हती. एफीला इंग्रजी येत नव्हतं. मधे टॉर्किल.

एफी बोलली. बराच वेळ, हात न हलवता. मग ती थांबली आणि मान वर करून टॉर्किलकडं बघत आणखी काहीतरी बोलली, थोडंसंच.  साहेबानं नाक पुसलं, वाट बघितली. मग टॉर्किल बोलू लागला. साहेबानं लिहिता लिहिता एकदा मान वर केली, त्याच्याकडं रोखून बघितलं आणि पुन्हा लिहिलं. वही मिटली. टॉर्किल घराकडं आला नाही. सरळ तळ्याच्या वाटेला लागला.

एफी परत आली ती दमून उंबऱ्यावरच बसली.

“काय म्हणालात, आत्याबाई?”

“जे झालं ते. सव्वातीन लाखलनची, बाकी तुझी. आणि साहेब, म्हटलं, हा टॉर्किल इथं उभा आहे ना, ह्यानं एक फांदी उचलली नाही. बैल मागितले, दिले नाहीत. मला सहा आठवडे जेवू घातलं, तेही सांगितलं. खोटं कशाला बोला.”

“हे तुम्ही त्यालाच सांगायला लावलंत?”

“दुसरं कोण होतं तिथं?” एफी म्हणाली. “चूल विझली का बघ.”

टॉर्किलनं साहेबाला काय सांगितलं, ते हिवाळाभर कुणाला कळलं नाही. त्याला विचारायला कुणी गेलं नाही. जावंच लागलं तर, म्हणून आजीनं अर्धी पेटी भरून ठेवली होती. बटाटे काढले; उशिरा लावलेले, लिंबाएवढेच, पण निघाले. बर्फ वितळल्यावर पाद्री आला, तो कागद घेऊनच. त्यानं बोट ठेवून वाचून दाखवलं: मार्सली मॅककुइश, लाखलनची विधवा, शंभर एकर, मागलं रान. आजीनं त्याला तीन वेळा वाचायला लावलं. चौथ्यांदा एफी म्हणाली, “पुरे आता, अक्षरं झिजतील.”

त्याच आठवड्यात एफीची पेटी एका गड्याच्या पाठीवरून दारात आली. आणणारा गडी म्हणाला, टॉर्किलनं पाठवलीय. निरोप काही नव्हता.

दोन्ही घरांचं बोलणं तिथून बंद झालं ते बंदच. रविवारी प्रार्थनेला दोन बाजूंना बसायचे. नऊ वर्षांनी एफी गेली. टॉर्किल न बोलावता आला, शवपेटीच्या पुढच्या टोकाला खांदा दिला, दफनभूमीपर्यंत कुणाला बदलू दिलं नाही, आणि तसाच परत गेला.

पुढं कधीतरी त्याच्या अंगावरून वारं गेलं. डावी बाजू लुळी पडली. त्याची बायको आधीच गेली होती, मुली लांब दिल्या होत्या. आजीनं ओटची पेज केली, किटलीत घातली आणि तळ्याकाठच्या घरी गेली. त्या दारात पाय ठेवून तिला पंधरा वर्षं झाली होती. तो खिडकीपाशी अंथरुणावर होता. त्यानं तिला ओळखलं, आणि वाकड्या तोंडानं म्हणाला, “बैल विकले मी.”

“बैल मागायला नाही आले.”

तिनं त्याच्या गळ्याखाली फडकं लावलं, उशाशी बसली. दोन चमचे भरवले. मग म्हणाली, “भावजी, एक विचारू? त्या दिवशी तुम्ही खोटं का नाही बोललात? कुणाला कळलं नसतं.”

 बोलायला त्याला श्रम पडत होते. एकेक शब्द ओढून आणल्यासारखा बोलत गेला.

“बोलणारच होतो. ठरवून आलो होतो. म्हातारी काहीही म्हणो, आपण साहेबाला सांगायचं, टॉर्किलनंच तोडलं म्हणते. तिनं तर माझीच लाज काढली, माझ्याच कानात. ऐकून बरं वाटलं मला, खोटं बोलायला जोर आला. म्हटलं, आता ह्याचं इंग्रजी मी करतो. तोंड उघडलं.”

“मग?”

“मग ती म्हणाली,” टॉर्किलच्या चांगल्या डोळ्यातून पाणी आलं, ते उशीवर ओघळलं. “लहानपणी मी अडखळायचो. फार. पोरं हसायची. तिनंच घालवलं ते, शेवाळ वाहताना एकेक शब्द घोकून घेऊन. आणि त्या दिवशी, एवढं सगळं माझ्याबद्दल बोलून झाल्यावर, माझ्याकडं बघून म्हणाली, ‘सावकाश सांग हो बाळा. तुला घाई झाली की तू अडखळतोस.’”

आजीनं फडक्याच्या टोकानं त्याचा डोळा पुसला.

“मी चाळिशी उलटलेला. पलटणीतनं आलेला. तिला वाटलं मी सांगेन, ते नीटच सांगेन. फक्त अडखळेन, एवढीच भीती.” तो थांबला. “मग मी सावकाश सांगितलं. सावकाश सांगायला घेतलं, मार्सली, की खोटं जमत नाही.”

आजी इथवर सांगायची आणि हातातलं काम पुन्हा सुरू करायची. मी विचारायचे, “मग तू काय म्हणालीस?”

“काय म्हणणार? पेज निवत चालली होती,” आजी म्हणायची. “म्हटलं, आ करा.”